बुरुडाची वीण

१९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात पूर्वापार बाळ सुपात निजले, भाकरी दुरडीत राहिली, ज्वारी कणगीत. हे सारे बुरुडाच्या घरचे. तिथे एकजण बांबू चिरून कांबी तासतो, बाया विणीला बसतात. सुपाची वीण घट्ट, कारण दाणा गळता कामा नये. कोंबड्यांच्या डालग्याची विरळ, कारण वारा खेळला पाहिजे. या कारागिरीला आम्ही कलाच म्हणतो. बाराव्या शतकातले शरण मेदार केतय्या टोपल्याच विणीत. आणि कायदा पाहा! बांबू हे खरे तर गवत. १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाड ठरविले. वनाबाहेरच्या बांबूपुरते हे २०१७ साली सुटले. बांधावरचा बांबू मोकळा झाला खरा. तोवर प्लॅस्टिकचे सूप मात्र बाजारात येऊन बसले होते.