दुर्बीण दुबईहून मागवायची की इथल्याच दुकानातून घ्यायची?

शाबानचा महिना लागला की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघतोच. "मॅडम, यंदा चांद बघायला दुर्बीण घ्यायची म्हणतोय. भाईजान दुबईला आहेत, त्यांनाच फरमाईश करू का?" शाळेचं निसर्ग मंडळ माझ्याकडे असल्याने प्रश्न माझ्याकडेच येतो. काही वर्षांपूर्वी मी लगेच "हो, करा" म्हणाले असते. आता आधी चार प्रश्न विचारते.

त्याला कारण आहे. माझ्या धाकट्या भावाने आखातातून मंडळासाठी एक दुर्बीण आणली होती. ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतलेली. सुंदर बॉक्स, त्यावर हरणाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'हंटिंग' लिहिलेलं. पहिला हिवाळा मुलांनी खाडीवरचे पक्षी बघत मजेत काढला. मग पावसाळा आला. मी ती चामड्याच्या केससकट लोखंडी कपाटात ठेवली, ही चूक माझीच. ऑगस्टमध्ये काढून बघते तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे! ती बुरशी होती. तिकडच्या दुकानाला कळवलं. उत्तर आलं की वॉरंटी फक्त त्या देशात चालते, वस्तू आणि मूळ बिल घेऊन या. बिल तर भावाने विमानतळावरच टाकून दिलं होतं. इथे एका कारागिराने उघडून साफ केली, पण जोडताना दोन नळ्यांची दिशा जुळली नाही. आता तिच्यातून एका बगळ्याचे दोन दिसतात आणि मुलांचं डोकं दुखतं. भावाला हे मी अजून सांगितलेलं नाही. बहुतेक हे वाचूनच कळेल त्याला.

आता ते 'हंटिंग' काय प्रकरण आहे? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. युरोप-अमेरिकेत मात्र परवाना काढून शिकार चालते आणि तिकडचा शिकारी हा दुर्बिणीचा मोठा गिऱ्हाईक. त्याला पहाटे आणि संध्याकाळी, उजेड कमी असताना बघायचं असतं. म्हणून त्याच्यासाठी केलेल्या चांगल्या दुर्बिणी मंद उजेडातही स्वच्छ दिसतील अशा असतात. आपल्यालाही मगरीबच्या वेळी क्षितिजालगतची बारीक कोर शोधायची असते, म्हणजे गरज बरीचशी सारखीच. पण बॉक्सवर 'हंटिंग' छापलं म्हणून माल तसा असतोच असं नाही. ते छापायला फक्त शाई लागते.

खरी माहिती आकड्यांत असते. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. १०×५० मध्ये तो ५ मिलिमीटर, जर्मन शिकाऱ्यांच्या आवडत्या ८×५६ मध्ये ७. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरच्या आसपास उघडते, वय वाढतं तशी कमी उघडते. म्हणजे अब्बांसाठी ८×५६ घेतली तर त्यातला बराच प्रकाश वाया जाणार, आणि किलोभर वजन मानेवर राहणार ते वेगळं. चांद आणि पक्षी दोन्हींसाठी ८×४२ किंवा १०×५० पुरेशी होते. दहा पटीच्या वर गेलात तर हात थरथरतो आणि चित्रही थरथरतं, मग स्टँड लागतो.

पैशाचा हिशेब बघू. "दुबईत टॅक्स नसतो" हे आता जुनं झालं. अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, सौदीत २०२० पासून १५ टक्के. अमिरातीत पर्यटकाला तो विमानतळावर परत मागता येतो, पण तिथे राहून नोकरी करणाऱ्या आपल्या भाईजानना नाही. इकडे उतरल्यावर बॅगेजची ड्युटी-फ्री मर्यादा लागते. २०१६ च्या नियमांत ती ५० हजार रुपये होती. असे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी कस्टमच्या वेबसाइटवर आजचा आकडा बघावा. ही मर्यादा एकट्या दुर्बिणीसाठी नसते. अत्तर, चॉकलेट, भाच्याचं घड्याळ, सगळं मिळून मोजतात. शिवाय मियाँ-बीवी दोघांची मर्यादा एकत्र करून एक महागडी वस्तू त्यात बसवता येत नाही.

कुरिअरने मागवलं तर अजून वेगळं. पार्सलवर 'गिफ्ट' लिहिलं की ड्युटी लागत नाही, असं आजही लोक छातीठोकपणे सांगतात. डिसेंबर २०१९ मध्येच ती सवलत बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढेच अपवाद ठेवले. आता ड्युटी भरावी लागते आणि ती काढताना वस्तूच्या किमतीत भाडं आणि विमाही धरतात. वर आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीची फी. परदेशी वेबसाइटवर दिसलेला भाव आणि दारात पडलेला भाव यांत म्हणून एवढा फरक पडतो. आणि वस्तू खराब निघाली तर परत पाठवायचा खर्च बहुतेक वेळा आपल्याच माथी.

मग परदेशातून घेऊच नये का? तसं नाही. झाइस, लायका किंवा ऑस्ट्रियाची स्वारोवस्की अशी वरच्या दर्जाची दुर्बीण घ्यायची असेल तर इथे निवड फार कमी मिळते. घरचं माणूस येणारच आहे, कंपनीची वॉरंटी जगभर चालते असं तिने स्वतः लिहून दिलंय आणि बिल जपून ठेवलंय, तर जरूर आणावी. मधल्या किमतीची दुर्बीण मात्र मी इथूनच घेईन.

इथल्या दुकानाचा मोठा फायदा म्हणजे घेण्याआधी डोळ्याला लावून बघता येते. मुंबईत फोर्टला बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे जा. दुकानातल्या बल्बकडे नको, दारात उभं राहून लांबच्या पाटीकडे बघा. दोन चित्रं दिसली, डोळ्यांवर ताण आला, तर ती ठेवून द्या. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. मागच्या भिंगात प्रकाशाचे दोन छोटे गोल दिसतील. ते पूर्ण गोल हवेत. कडा कापल्यासारख्या, चौकोनी दिसल्या तर आतली लोलकं बहुधा हलक्या काचेची आहेत. चांगल्या काचेला बीएके-४ म्हणतात. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा.

कोकणात, किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी एक गोष्ट सोडू नये. आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेली, वॉटरप्रूफ दुर्बीण घ्या. आपल्या पावसाळ्यात बिगर-सीलची दुर्बीण टिकवणं कठीण. ती चामड्याच्या केसमध्ये नाही, तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

इथला सगळाच माल खरा असतो असं मात्र समजू नका. पर्यटनस्थळी लाल काचेची '९०×९०' विकतात, ती खेळणं म्हणून घ्यायची तर घ्या. आपल्या ऑनलाइन दुकानांतही चोरवाटेने आलेला माल असतो. बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि कोणत्या देशात बनली हे छापलेलं हवं. ते असेल आणि पक्कं बिल असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दुबईच्या दुकानदाराला रत्नागिरीच्या ग्राहक आयोगापुढे कोण आणणार?

शेतीसाठी बंदुकीचा परवाना असलेले काहीजण बंदुकीवर बसवायची दुर्बीणही "येताना आण" म्हणतात. कृपा करून घरच्या माणसाला त्यात अडकवू नका. कस्टमच्या यादीतही ती साध्या दुर्बिणीत मोडत नाही, तिचा क्रमांक वेगळा आहे. परवाना देणाऱ्या कार्यालयात आधी लेखी विचारावं.

आणि यंदा २९ शाबानला गच्चीवर जाल तेव्हा सूर्य पूर्ण बुडेपर्यंत दुर्बीण डब्यातच राहू द्या, विशेषतः मुलं सोबत असतील तर. मावळतीचा सूर्य नुसत्या डोळ्यांना मऊ वाटतो, पण भिंगातून एक क्षण पाहिला तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.