विश्लेषण : टीव्हीवरचा धडा किती दिवस लक्षात राहतो?

जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. मोरगावसारख्या गावात घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडिलांबरोबर शेतावर गेलेला, अशा मुलांना टीव्हीचाच आधार. राज्याला हा प्रयोग नवा नव्हता. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली ‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद होईपर्यंत शालेय कार्यक्रम तयार करत होती. पण असे शिकलेले टिकते का?

वर्गापेक्षा टीव्ही कमी पडतो का?

नाही, निदान सरसकट तरी नाही. चू आणि श्रॅम या अभ्यासकांनी १९६७ मध्ये टीव्ही आणि वर्गाच्या ४२१ तुलना तपासल्या. ३०८ मध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. ६३ मध्ये टीव्ही सरस ठरला, ५० मध्ये नेहमीचा वर्ग.

मग अडते कुठे?

‘हे तर सोपे आहे’ या समजुतीत. गॅव्रिएल सॉलोमन यांनी १९८४ मध्ये सहावीच्या काही मुलांना एक गोष्ट टीव्हीवर दाखवली, काहींना वाचायला दिली. टीव्हीवाल्यांनी डोक्याला कमी ताण दिला आणि विचार करून उत्तर द्यायच्या प्रश्नांत ती मागे पडली.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काहींनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्केच आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६.

‘आपली कऱ्हा कोणत्या नदीला मिळते?’ असे बाई वर्गात विचारतात, दोन दिवसांनी पुन्हा विचारतात, तेव्हा हेच घडते. टीव्ही प्रश्न विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. अर्थात, फळ्यावरचे नुसते उतरवून घेणाऱ्या वर्गातही कोणी थांबत नाही.

पालकांनी काय करावे?

कार्यक्रम संपला की टीव्ही बंद करून मुलाला काय कळले ते सांगायला लावावे. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर मध्येच थांबवून विचारावे. चार दिवसांनी पुन्हा विचारावे. अडखळले तर ‘नीरेला’ हे उत्तर लगेच सांगू नये. थोडे आठवू द्यावे.