पहिली पसंती, तीन सह्या

अकरावीच्या ॲडमिशनचा फॉर्म आठवतोय? दहा पसंतीक्रम टाकायचे आणि पहिल्या नंबरवर कोणतं कॉलेज यावरून घरात दोन दिवस खल. कारण नियम सगळ्यांना पाठ होता. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथेच जायचं, नाही गेलात तर पुढच्या नियमित फेऱ्या विसरा. इंजिनीअरिंगच्या कॅपला तर २०२५ पासून हा फास आणखी आवळलाय. पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला कोणताही पर्याय लागला तरी सीट आपोआप फ्रीझ. त्यामुळे ‘बांधून घेणं’ म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तर याच खेळाचा अमेरिकन अवतार म्हणजे ‘अर्ली डिसिजन’. बारावीनंतर तिकडे शिकायला जायचं डोक्यात असेल (किंवा तुम्ही डिग्रीला असाल आणि घरातलं धाकटं शेंडेफळ रोज एका कॉलेजचा व्हिडिओ तुमच्या तोंडासमोर धरत असेल), तर ऑक्टोबर उजाडला की हा शब्द घरात यायला लागतो. ‘लवकर अर्ज केला की चान्स वाढतो म्हणे!’ एवढंच ऐकून पुष्कळ जण फॉर्म भरायला बसतात. वाढतो, पण त्याची किंमत काय, ते आधी बघू.

नेहमीचा अर्ज साधारण जानेवारीच्या सुरुवातीला करायचा आणि मार्चअखेरपर्यंत वाट बघायची. अर्ली डिसिजनचा अर्ज बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरला जातो आणि निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो. मात्र असा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो आणि त्यांनी घेतलं तर बाकी सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं असतं. तसा करार अर्जासोबत जोडावा लागतो. त्यावर तीन सह्या असतात: तुमची, आईवडिलांपैकी एकाची आणि तुमच्या शाळा-कॉलेजच्या समुपदेशकाची. काही कॉलेजं जानेवारीत ‘अर्ली डिसिजन टू’ नावाची दुसरी संधीही देतात. बंधन तेच.

याचा एक भाऊ आहे, ‘अर्ली ॲक्शन’. अर्ज लवकर, निकालही लवकर, पण बांधिलकी नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा प्रकार यातला जरा कडक आहे. लवकरचा अर्ज आमच्याकडे केलात तर इतर खासगी विद्यापीठांत लवकर अर्ज करू नका, एवढी अट, पण लागलं तरी यायलाच हवं असं नाही. नावांच्या गोंधळात बरेच जण इथेच घसरतात, म्हणून प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन कोणता ‘अर्ली’ आहे ते स्वतः वाचा. मित्राच्या मित्राने सांगितलेलं चालणार नाही.

कॉलेजांना यात काय मिळतं? खात्री. ज्या मुलांना सीट दिली त्यातली किती खरंच येणार, याचा अंदाज बांधणं त्यांना फार जड जातं. एकच मुलगा दहा ठिकाणी अर्ज करतो आणि शेवटी एकाच ठिकाणी जातो. अर्ली डिसिजनवाला मात्र शंभर टक्के येणार. म्हणून काही नामांकित खासगी विद्यापीठं पहिल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास जागा अशाच भरतात. साहजिकच नेहमीच्या फेरीला जागा कमी उरतात आणि गर्दी मात्र प्रचंड.

आणि फायदा खरा आहे. ख्रिस्तोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर या तिघांनी अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांचे लाखो अर्ज तपासून २००३ मध्ये ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ हे पुस्तक काढलं. त्यांचा हिशेब असा, की लवकर अर्ज करण्याचा फायदा हा सॅटमध्ये जवळपास १०० मार्क जास्त मिळवण्याइतका आहे. आकडा जुना आहे, तरी दिशा बदललेली नाही. फक्त, एखाद्या कॉलेजचा ‘अर्लीचा स्वीकार दर’ बघून हुरळून जाऊ नका. त्या गर्दीत खेळाडू म्हणून आधीच निवडलेली मुलं असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. तुम्ही ठाण्या-नाशिकहून अर्ज करत असाल तर तो टक्का तुमचा नाही.

हा प्रकार न्याय्य आहे का, हा प्रश्न तिथेही विचारला गेलाय. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने लवकरची फेरी बंदच केली. कारण उघड होतं: ज्यांच्या घरात माहिती आहे, पैसा आहे, शाळेत समुपदेशक आहे, त्यांनाच तिचा फायदा होतो. २०११ मध्ये दोघांनी ती परत सुरू केली. बाकीची कॉलेजं थांबली नव्हती आणि चांगली मुलं तिकडे चालली होती. (तत्त्व आणि स्पर्धा यांचं जमत नाही, हे आपल्याकडच्या क्लासवाल्यांनाही माहीत आहे.)

माझ्या मावसबहिणीच्या घरी गेल्याच्या गेल्या वर्षी हाच प्रसंग आला. ती ठाण्याला, बारावी सायन्सला होती. अमेरिकेतलं एक छोटं कॉलेज तिच्या मनात भरलं होतं. रँकिंग बघून नव्हे, तर तिथल्या पर्यावरणशास्त्राच्या विषयांची यादी तिने ओळन् ओळ वाचली होती. नदीच्या गाळावरचा एक कोर्स तिला तोंडपाठ होता. मी मास कॉमची, त्यामुळे निबंध तपासायला मला बोलावलं होतं. काम निबंधाचं, पण ती रात्र गेली त्या कराराच्या पानावर.

काकांनी चष्मा वर करून विचारलं, “लागलं तर जायचंच, बरोबर? मग खर्च किती येणार ते आत्ता कोण सांगणार?”

“बाबा, मदत किती देणार ते ॲडमिशन मिळाल्यावरच कळवतात.”

“म्हणजे भाव न विचारता भाजी पिशवीत टाकायची आणि घरी येऊन पाकीट बघायचं.”

ती काहीच बोलली नाही. मग काकाच म्हणाले, “टाक. बघू. फ्लॅट आहे ना.” आणि पेन शोधायला उठले. तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, लॅपटॉप बंद कर.” त्या रात्री तो फॉर्म गेला नाही. जानेवारीत तिने त्याच कॉलेजला साधा अर्ज केला. मार्चमध्ये नकार आला. लवकर टाकलं असतं तर घेतलं असतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. ती आता पुण्यात बीएस्सी करते आणि तो विषय काढला की खांदे उडवते. काका मात्र अजून अधूनमधून म्हणतात, ‘सही करायला हवी होती.’

पैशाचा मुद्दा इतका लावून धरण्याचं कारण आकड्यांत आहे. नामांकित खासगी कॉलेजात फी, राहणं, जेवण मिळून वर्षाचा खर्च आता ८० ते ९० हजार डॉलर होतो. रुपयांत साधारण ७० ते ८० लाख, आणि डिग्री चार वर्षांची. घरून हे सहज भरता येणार असेल, तर अर्ली डिसिजन तुमच्यासाठी सरळ फायद्याचा सौदा आहे. आवडतं कॉलेज नक्की असेल तर टाका. पण मदतीशिवाय जाताच येणार नसेल, तर तिन्ही सह्यांआधी थांबा.

का थांबा, ते सांगते. एक तर, बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला घेताना तो मदत मागतोय का हे बघतात आणि मागणाऱ्याची वाट अवघड होते. मग काही जण शक्कल लढवतात, की आत्ता ‘मदत नको’ लिहू आणि तिकडे पोचल्यावर मागू. हे करू नका. अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. दुसरं म्हणजे, वेगवेगळ्या कॉलेजांच्या ऑफर शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी नेहमीच्या फेरीत असते, इथे ती जाते.

आशेची बाजूही आहे. परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज न बघता निवड करणारी आणि नंतर पूर्ण गरज भागवणारी थोडी कॉलेजं आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन. यातल्या पहिल्या तिघांचा लवकरचा अर्ज तर बंधनकारकही नाही. कॉर्नेलमध्ये टाटा ट्रस्टने २००८ मध्ये दिलेल्या अडीच कोटी डॉलरच्या देणगीतून भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे, पण एका वेळी साधारण वीस जणांनाच. आणि आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. बारावीनंतर लगेच जाणाऱ्याने ती हिशेबात धरू नये. उलट, इथे डिग्री करून मग बाहेर जाणं हा ‘दुय्यम’ रस्ता समजू नका. मदतीच्या दृष्टीने तो कित्येकांसाठी जास्त मोकळा आहे.

समजा डिसेंबरमध्ये ऑफर आली आणि मदत खरोखरच अपुरी पडतेय. मग करारातून मोकळं करा अशी विनंती करता येते आणि आर्थिक कारण असेल तर कॉलेजं सहसा सोडतात. आधी आकड्यांवर पुन्हा विचार करा असंही कळवता येतं. मात्र ‘आता दुसरं कॉलेज जास्त आवडतंय’ हे कारण चालत नाही. कोर्टकचेरी सहसा होत नसली, तरी करारावर तुमच्या समुपदेशकाचीही सही असते आणि शब्द मोडल्याचा त्रास तुमच्या मागच्या बॅचला होऊ शकतो.

आता ती तिसरी सही. इंटरनॅशनल बोर्डाच्या शाळांत समुपदेशक असतो, त्याला हे सगळं पाठ असतं. स्टेट बोर्डाच्या ज्युनिअर कॉलेजात ‘काउन्सिलर कुठे बसतात?’ विचारलंत तर शिपाई तुम्हाला लायब्ररीत पाठवेल. तिथे हे काम प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षकांकडून करून घ्यायचं. त्यांना ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गाठू नका, ऑगस्टमध्येच भेटा. नववी-दहावीच्या गुणपत्रिका जुन्या शाळेतून, अकरावीची कॉलेजातून, शिवाय शिक्षकांची शिफारसपत्रं. इंटिग्रेटेडवाल्यांची खरी अडचण इथेच होते. दोन वर्षं कॉलेजचं तोंडच पाहिलेलं नसतं, मग शिफारस लिहिणाऱ्या सरांना तुमचं नाव तरी माहीत असेल का? यावर एकच इलाज: जून-जुलैपासून निदान एका विषयाच्या शिक्षकांकडे स्वतःहून जायला लागा.

डिसेंबरचा निकाल तीन प्रकारचा असतो: घेतलं, नाकारलं किंवा पुढच्या फेरीत ढकललं. ढकललं तर बंधन सुटतं आणि तुमचा अर्ज नेहमीच्या गर्दीत परत वाचला जातो. नाकारलं तर त्या वर्षी तिथे परत अर्ज नाही. दोन्हीकडे पुढच्या डेडलाइनला जेमतेम दोन आठवडे उरतात आणि नेमक्या तेव्हाच बारावीच्या प्रीलिम्स. म्हणून बाकीच्या कॉलेजांचे निबंध नोव्हेंबरमध्येच लिहून ठेवा, अगदी ‘माझं होणारच’ असं वाटत असलं तरी. नकाराचा मेल वाचून त्याच रात्री ‘तुमचंच कॉलेज मला का हवं’ हे सहाव्यांदा लिहायला बसणं फार वाईट असतं.

आणि एक. कॉमन ॲपवरच्या डेडलाइनची रात्री ११:५९ ही वेळ साधारणपणे तुमच्या घड्याळाची असते, अमेरिकेच्या नाही. ‘तिकडे अजून सकाळ आहे’ म्हणत २ नोव्हेंबर उजाडू देऊ नका.