टोमॅटो लावताय? आधी पट्टीवरचे दिवस मोजा

मे महिना उजाडला की आपल्या न्यू जर्सीत नर्सरीसमोर गाड्यांची रांग लागते. आज बोलू या टोमॅटोबद्दल, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून.

मागच्या वर्षी आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी हौसेने ब्रँडीवाइनची सहा रोपं आणली. रोज संध्याकाळी पाणी घालायचं काम आईने आपणहून घेतलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती परत गेली, तेव्हा झाडावर फळं मोठी होती, पण हिरवीगार. पहिलं फळ पिकलं २० ऑगस्टला. फोनवर रोज एकच प्रश्न, "पिकला का रे?" पिकला तेव्हा मला सांगायलाही जड गेलं.

चूक साधी होती. रोपाच्या कुंडीत खोचलेल्या पट्टीवर दिवस लिहिलेले असतात, ते मी वाचलेच नाहीत. हे दिवस बी पेरल्यापासून नाही, तर रोप बाहेर लावल्यापासून मोजायचे. सनगोल्ड या छोट्या केशरी टोमॅटोला साधारण ६० दिवस लागतात, रोमाला ७५ आणि ब्रँडीवाइनला ९०च्या आसपास. म्हणजे २० मेला लावलेला सनगोल्ड जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ताटात येतो.

पट्टीवर आणखी एक शब्द असतो. 'डिटरमिनेट' म्हणजे ठेंगणं झाड. ते ठरावीक उंचीवर थांबतं आणि बहुतेक फळं थोड्याच दिवसांत एकदम देतं. रोमा असाच. सार करून डब्यात भरून फ्रीझ करायचं असेल तर हा उत्तम. 'इनडिटरमिनेट' झाड थंडी पडेपर्यंत वाढतच राहतं. त्याला सहा फुटी आधार हवा आणि बगलफुटी काढायला हव्यात. रोज मूठभर टोमॅटो हवे असतील तर हे लावा.

आमच्या धंद्यात आधी गरज विचारतात, मग सॉफ्टवेअर निवडतात. इथेही तेच. कोशिंबिरीसाठी आपल्याच राज्याचा 'रटगर्स' आहे. रटगर्स विद्यापीठाने तो १९३४ साली आणला.

आता लागवड. रात्री ५० अंश फॅरनहाइटच्या वर स्थिरावल्याशिवाय, म्हणजे साधारण मेच्या मध्यापर्यंत, घाई नको. घरात वाढवलेली रोपं आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून सरावू द्या. लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. सहा ते आठ तास ऊन आणि दोन झाडांत किमान दोन फूट अंतर हवं.

पाणी पानांवर नको, बुंध्याशी घाला, म्हणजे करपा कमी येतो. एक दिवस पूर, मग चार दिवस कोरडं, असं केलंत तर झाडाला कॅल्शियम नीट मिळत नाही आणि फळाचा तळ काळा पडतो. बुडाशी पेंढ्याचं आच्छादन केलं की ओल टिकते. जुलैत पारा ९०च्या वर गेला की फुलगळ होते. घाबरू नका, हवा निवळली की पुन्हा फळं धरतात.

ऑक्टोबरात उरलेले हिरवे टोमॅटो टाकू नका. दाण्याचं कूट घालून भाजी करा.

यंदा आई पुन्हा आली आहे, आणि ऑगस्टातच परतणार आहे. म्हणून चार सनगोल्ड लावतोय. ब्रँडीवाइन एकच, माझ्या हौसेपुरता.