वेड्याची रोजनिशी

वेडा दिसला की पोरे दगड मारतात, मोठी माणसे हसतात. त्याच्या मनात काय चालले आहे, ते कोणी विचारीत नाही. रशियन लेखक गोगोल याने 1835 साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेड्याची रोजनिशी’ या कथेत नेमके तेच दाखविले आहे.

पोप्रिश्चिन हा पीटर्सबर्गच्या सरकारी कचेरीतला बेचाळीस वर्षांचा कारकून. साहेबाच्या लेखण्या तासून देणे हे त्याचे काम. साहेबाच्या मुलीवर त्याचे मन जडते. पण तिचे लग्न एका दरबारी तरुणाशी ठरते. आपणच कारकून का, असा प्रश्न त्याला छळू लागतो. तशात स्पेनची गादी रिकामी झाल्याचे तो वर्तमानपत्रात वाचतो, आणि तेथला राजा आपणच, अशी त्याची खात्री पटते.

‘याला वेड लागले’ असे लेखक मध्ये येऊन सांगत नाही. रोजनिशीत ऑक्टोबर, नोव्हेंबर सरळ चाललेले असतात; मग एकाएकी सन 2000 मधील एप्रिलची 43 तारीख येते. वाचकाने काय ते ओळखावे! पुढे वेड्यांच्या इस्पितळात सोट्याचा मार बसतो. त्याला तो स्पेनच्या दरबारचा रिवाज समजतो. डोक्यावर गार पाणी ओततात. अखेरीस तो आईला हाक मारतो, आणि तोवर हसणारे आपण गप्प होतो.

त्याचे उत्तर वेडेपणाचे खरे; पण त्याचा प्रश्न वेडा नव्हता. कामगारांत वावरताना तो आम्ही पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे.