संथ योगाचे अर्थशास्त्र

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून मान्य केला. २०१५ च्या पहिल्या योगदिनी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ जणांनी एकत्र आसने केली आणि तो जागतिक उच्चांक ठरला. योगाला प्रतिष्ठा लाभली, हे स्वागतार्हच होय. परंतु उच्चांक, स्पर्धा आणि छायाचित्रे यांच्या गर्दीत योगाचा मूळ स्वभाव झाकोळून जाण्याचा धोका आहे. बाजारात अवघड आणि प्रेक्षणीय गोष्टीला भाव येतो. संथ आणि सौम्य गोष्टीची उपेक्षा होते.

वस्तुतः पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाचे स्वरूप व फल सांगणारी सूत्रे जेमतेम तीन आहेत. आसन स्थिर व सुखकर असावे आणि प्रयत्न शिथिल केल्याने ते साधावे, असा त्यांचा आशय. अधिक श्रम म्हणजे अधिक फळ, असे मानणाऱ्या आपल्या युगाला हा विचार विलक्षण वाटेल. शरीरशास्त्र मात्र त्याला दुजोरा देते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारणतः १२ ते २० श्वास घेतो. ही गती हळूहळू सहाच्या आसपास आणून उच्छ्वास लांबविला, की शरीराला विसावा देणारी मज्जासंस्था अधिक कार्यरत होते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. अशा प्रक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास व्हावा म्हणून स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. पुढे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, ठोकळे, घडी केलेली कांबळी यांच्या आधाराने आसने शिकवून वृद्धांना आणि दुखणाइतांनाही योगाचे दार खुले केले.

दिवसभर खुर्चीला खिळलेला कारकून किंवा तासन्‌तास फळ्यापाशी उभा राहणारा शिक्षक यांना नेमके हेच हवे आहे. पहिल्याच आठवड्यात अंग पिळवटून घेणाऱ्याचा उत्साह दुसऱ्या आठवड्यात मावळतो. वीस मिनिटांचा संथ अभ्यास हा आवर्ती ठेवीसारखा आहे: हप्ता लहान असतो, पण तो चुकवून चालत नाही.

अर्थात संथ योग हे सर्व रोगांवरील औषध नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून बंद करणे हा अविचारच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविते. तेव्हा भरभर चालणेही हवेच.

खरा प्रश्न निराळा आहे. घरचा स्वयंपाक आटोपून गाडी पकडणाऱ्या आणि परतल्यावर पुन्हा चुलीपाशी उभे राहणाऱ्या स्त्रीने ही वीस मिनिटे कोठून आणावीत? थकवा समाजात विषम वाटला गेला आहे, आणि विसावा त्याहून विषम. शाळांनी व कचेऱ्यांनी सक्ती न करता एक स्वच्छ खोली आणि कामाच्या वेळेतील वीस मिनिटे उपलब्ध करून द्यावीत. घरातील पुरुषांनी घरकामाचा आपला वाटा उचलावा. एवढे झाले नाही, तर सतरंजीखेरीज काहीही न लागणारी ही साधनाही सुखवस्तूंची चैन होऊन बसेल.