पावसाच्या नोंदी संगणकाच्या फाईलमध्ये ठेवताना घ्यावयाची काळजी

खरिपाची पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर व जमिनीत पुरेशी ओल असतानाच करावी, अशी शिफारस आहे. घाई केल्यास आणि पुढे पावसात खंड पडल्यास दुबार पेरणीचे संकट ओढवते. म्हणून पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी ८.३० वाजता मोजून नोंद ठेवावी. घरातील मुले पायथॉन ही संगणक भाषा शिकत असतील, तर ही बेरीज लहानशा स्क्रिप्टकडून करून घेता येते. ही भाषा १९९१ मध्ये प्रथम उपलब्ध झाली असून ती विनामूल्य मिळते. तिच्या आज्ञा रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

नोंदीची पद्धत

साध्या मजकुराची एक फाईल करावी. एका दिवसाला एकच ओळ द्यावी. आधी तारीख, मग स्वल्पविराम आणि मग पाऊस मि.मी. मध्ये लिहावा. उदा.

११-०६,१८
१२-०६,२४
१३-०६,०
१४-०६,१४.५

फाईल उघडण्याचे तीन प्रकार

फाईल 'ओपन' या आज्ञेने उघडते. ती कशासाठी उघडायची, हे एका अक्षराने सांगावे लागते.

१) 'आर' : फक्त वाचण्यासाठी. फाईल नसल्यास संगणक चूक दाखवितो.

२) 'ए' : जुन्या नोंदींच्या शेवटी नवी ओळ जोडण्यासाठी. रोजच्या नोंदीसाठी हाच प्रकार वापरावा.

३) 'डब्ल्यू' : नव्याने लिहिण्यासाठी. फाईल उघडताक्षणीच आतील सर्व जुना मजकूर पुसला जातो व संगणक तसे विचारीतही नाही. एका चुकीच्या अक्षराने हंगामाच्या नोंदी जातात.

'ओपन'च्या आधी 'विथ' हा शब्द लावल्यास काम संपताच फाईल आपोआप बंद होते. मराठी अक्षरे बिघडू नयेत यासाठी लिहिताना व वाचताना 'यूटीएफ-८' हे एन्कोडिंग नमूद करावे.

लिहिणे व वाचणे

'राइट' ही आज्ञा ओळ स्वतःहून संपवीत नाही. प्रत्येक नोंदीच्या शेवटी नव्या ओळीची खूण, म्हणजे उलटी तिरकी रेघ व 'एन', द्यावी. अन्यथा दोन दिवसांच्या नोंदी एकाच ओळीत चिकटतात.

वाचताना 'फॉर' आज्ञेने एकेक ओळ घ्यावी. 'स्ट्रिप'ने शेवटची खूण काढावी व ओळ रिकामी असल्यास वगळावी. 'स्प्लिट'ने स्वल्पविरामावर दोन भाग करावेत. दुसरा भाग अजून अक्षरेच असतो. 'फ्लोट'ने त्याची संख्या करून मगच बेरजेत मिळवावा. 'फ्लोट'ला १४.५ असे मराठी अंकही समजतात. पाऊस २.५ मि.मी. किंवा अधिक असल्यास तो पावसाचा दिवस मोजावा.

वरील नोंदींची बेरीज ५६.५ मि.मी. व पावसाचे दिवस ३ येतात, म्हणजे पेरणीस अजून थांबावे. मात्र स्क्रिप्ट दोनदा चालून १२ तारखेची ओळ दुबार पडली, तर बेरीज ८०.५ दिसेल व पेरणीचा निर्णय चुकेल. यासाठी नवी ओळ जोडण्यापूर्वी फाईल वाचून ती तारीख आधीच आहे का, हे तपासावे.

महत्त्वाच्या सूचना

१) स्क्रिप्ट नेहमी त्याच फोल्डरमधून चालवावी. फोल्डर बदलल्यास 'ए' प्रकार मुकाट्याने नवीन रिकामी फाईल तयार करतो व जुन्या नोंदी बेरजेत येत नाहीत.

२) दर आठवड्याला फाईलची एक प्रत पेन ड्राईव्हवर काढून ठेवावी.

३) पर्जन्यमापकाशेजारची वही बंद करू नये. आठवड्यातून एकदा वहीतील व संगणकातील बेरीज ताडून पाहावी.

संगणक बेरजेत चुकत नाही, परंतु दिलेली नोंद खरी की खोटी हे तो जाणत नाही. ती जबाबदारी आपलीच आहे.